घराची विक्री आणि मुलांच्या शिक्षणाची शिल्लक: अमेरिकेतल्या स्टेट टॅक्सची पहिली तयारी

अमेरिकेत येऊन चार-पाच वर्षं झाली, घर घेतलं, मूल झालं, की फेडरल टॅक्सचे दोन नियम कुणी ना कुणी कानावर घालतंच. राहतं घर विकलं तर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त. मुलाच्या नावाने ५२९ हे शिक्षणासाठीच्या बचतीचं खातं उघडलं तर त्यातली वाढ शिक्षणावर खर्च केल्यास करमुक्त. दोन्ही खरं आहे. पण हे नियम केंद्र सरकारचे. तुम्ही ज्या राज्यात राहता आणि तुमची मालमत्ता ज्या राज्यात आहे, त्यांची करखाती वेगळी, फॉर्म वेगळे आणि बऱ्याच बाबतींत नियमही वेगळे. न्यू जर्सीतलं घर विकून टेक्सासला जाणाऱ्याला किंवा कॅलिफोर्नियात राहून ठाण्याचा फ्लॅट विकणाऱ्याला स्टेटचा हिशेब बहुतेक वेळा क्लोजिंगच्या (विक्रीचा व्यवहार पुरा होण्याच्या) दिवशी नाहीतर एप्रिलमध्ये, रिटर्न भरताना, कळतो. तोवर हातात करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. म्हणून हा लेख स्टेटकडून सुरू करतो आहे आणि फेडरलकडे गरजेपुरताच वळणार आहे.

खालचे आकडे २०२५ सालाचे आहेत. राज्यांचे कायदे दरवर्षी बदलतात, तेव्हा व्यवहार ठरला की त्या राज्याच्या करखात्याच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचा फॉर्म उघडून एकदा पडताळा.

पायरी १: कोणतं राज्य कर मागू शकतं ते आधी ठरवा

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं बरंच सोपं होतं. तुम्ही ज्या राज्याचे रहिवासी आहात ते राज्य तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतं. आणि जमीन किंवा घर ज्या राज्यात आहे ते राज्य, तुम्ही कुठेही राहत असा, त्या घराच्या नफ्यावर कर लावतं. एकाच नफ्यावर दोन्ही राज्यांनी कर लावला, तर साधारणपणे राहण्याचं राज्य दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून थेट सूट, देतं. म्हणजे दोनदा पूर्ण कर जात नाही, पण दोन रिटर्न भरावी लागतात आणि शेवटी दोघांपैकी ज्याचा दर जास्त त्याच्या जवळपास रक्कम जाते.

अलास्का, फ्लोरिडा, नेव्हाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास आणि वायोमिंग या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही. सिअ‍ॅटलकडच्या मंडळींनी जरा थांबून वाचावं. वॉशिंग्टन राज्यात पगारावर कर नाही, पण २०२२पासून मोठ्या भांडवली नफ्यावर किमान ७ टक्के कर आहे. घर-जमिनीची विक्री मात्र त्यातून वगळलेली आहे. तिथे घर विकणाऱ्याला वेगळा विक्री-अबकारी कर भरावा लागतो आणि तो नफ्यावर नसून विक्रीच्या किमतीवर असतो.

वर्षाच्या मध्ये राज्य बदललं तर दोन्हीकडे अर्धवट वर्षाचे रहिवासी म्हणून रिटर्न भरायचं असतं. इथे तारखेला फार महत्त्व आहे. नवं राज्य कधीपासून तुमचं झालं हे नुसतं सांगून चालत नाही. नवा लीज किंवा घराची कागदपत्रं, ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, मुलांची शाळा, नोकरीचा पत्ता या सगळ्यांतून ते दिसावं लागतं. नवरा ऑस्टिनला आणि बायको-मुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत सॅन होजेला, अशी स्थिती असेल तर कॅलिफोर्नियाचं करखातं सहज सोडत नाही. अशा वर्षात मोठी विक्री असेल तर आधी सीपीएशी (इथल्या परवानाधारक कर-हिशेबतज्ज्ञाशी) बोला, तारीख मग ठरवा.

पायरी २: राहत्या घराच्या नफ्याचा खरा आकडा काढा

फेडरल नियम असा: विक्रीच्या आधीच्या ५ वर्षांत किमान २ वर्षं घर तुमच्या मालकीचं हवं आणि तेवढाच काळ तुम्ही त्यात राहिलेले हवेत. मग एकट्याला २.५ लाख आणि जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा वगळला जातो. जोडप्याच्या बाबतीत मालकी एकाची असली तरी चालते, राहिलेले मात्र दोघंही हवेत. एच-४वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या, आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा करक्रमांक) घेऊन संयुक्त रिटर्न भरणाऱ्या जोडीदारालाही हे लागू आहे. नोकरीसाठी किमान ५० मैल दूर जावं लागलं, तब्येतीचं कारण निघालं किंवा नोकरीच गेली आणि २ वर्षं पुरी झाली नाहीत, तरी प्रमाणात सूट मिळते. १२ महिने राहिलेल्या जोडप्याला साधारण २.५ लाख. लेऑफनंतर घाईने घर विकावं लागलेल्या अनेकांना ही तरतूद ठाऊकच नसते.

भारतातून आलेल्यांच्या मनात आणखी एक समजूत पक्की असते: घर विकून दुसरं घर घेतलं की कर लागत नाही. भारतात तशी सवलत आहे. अमेरिकेतही पूर्वी जवळपास तसा नियम होता, तो १९९७ साली रद्द झाला. आज विकलेल्या घराच्या पैशातून नवं घर घेतलं काय किंवा सगळी रक्कम ५२९मध्ये टाकली काय, घराच्या नफ्यावरचा फेडरल कर त्याने एक डॉलरनेही कमी होत नाही.

आता राज्यं. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि इतर बहुतेक राज्यं राहत्या घराच्या बाबतीत फेडरलची सूट जशीच्या तशी मानतात. पेनसिल्व्हेनिया त्याहून उदार आहे. तिथे २ वर्षांची अट पुरी केली की राहत्या घराचा सगळा नफा करमुक्त, ५ लाखांची मर्यादाच नाही. उलट सूट संपल्यावर जो नफा उरतो, त्यावर राज्यं कडक आहेत. फेडरलमध्ये दीर्घ मुदतीच्या नफ्याला १५ किंवा २० टक्क्यांचा सवलतीचा दर आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी यांना तो मान्य नाही, त्यांच्या लेखी तो नफा पगारासारखाच. कॅलिफोर्नियाचा सर्वोच्च दर १३.३ टक्के आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२३पासून साधारण १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर आहे. एरवी त्या रकमेच्या आसपासही नसलेलं कुटुंब एका घरविक्रीच्या वर्षात त्या रेषेपलीकडे जाऊ शकतं. विस्कॉन्सिन मात्र दीर्घ मुदतीच्या नफ्यातला ३० टक्के आणि साउथ कॅरोलिना ४४ टक्के हिस्सा सोडून देतं.

नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत एवढंच नाही. खरेदीच्या वेळचे टायटल-रेकॉर्डिंगचे खर्च, नवं छप्पर, डेक, बेसमेंटचं काम, बदललेली एसी यंत्रणा हे सगळं मूळ किमतीत मिळवायचं. विक्रीच्या वेळचं एजंटचं कमिशन आणि वकिलाची फी विक्रीतून वजा करायची. रंगकाम, नळदुरुस्ती यात येत नाही. म्हणून घर घेतल्या दिवसापासून एक फोल्डर ठेवा. त्यात सर्वांत आधी खरेदीचं सेटलमेंट स्टेटमेंट आणि नंतर प्रत्येक मोठ्या कामाचं बिल. १० वर्षांनी कंत्राटदाराला फोन करून जुनं बिल मागणं फार जड जातं.

एक उदाहरण घेऊ. एडिसनमध्ये एका जोडप्याने ४,५०,००० डॉलरला घर घेतलं, ४०,००० डॉलरची कामं केली आणि १० वर्षं राहून ७,२०,००० डॉलरला विकलं. विक्रीचा खर्च ४०,००० डॉलर. नफा १,९०,००० डॉलर. फेडरल कर शून्य, न्यू जर्सीचा उत्पन्नकरही शून्य.

हेच जोडपं ६ वर्षं राहून डॅलसला गेलं, घर ४ वर्षं भाड्याने दिलं आणि मग त्याच किमतीला विकलं, तर? शेवटच्या ५ वर्षांत ते तिथे फक्त १ वर्ष राहिले, त्यामुळे सगळी सूट गेली. शिवाय भाड्याच्या काळात दरवर्षी घेतलेला घसारा (घराच्या झिजेपोटी भाड्याच्या उत्पन्नातून वजा केलेली रक्कम), समजा १२,५०० डॉलर, नफ्यात परत मिळवायचा. नफा झाला २,४०,००० डॉलर. टेक्सास काहीच मागत नाही, पण घर न्यू जर्सीत आहे, तेव्हा न्यू जर्सी मागणार. ‘सध्या भाड्याने देऊ, भाव वाढला की विकू’ हा निर्णय घेताना घर सोडल्याच्या दिवसापासून ३ वर्षांनंतरची तारीख कॅलेंडरवर ठळक करून ठेवा. त्या तारखेआधी क्लोजिंग झालं तर राहत्या घराची सूट टिकते, फक्त घसाऱ्याच्या रकमेवर कर लागतो.

पायरी ३: क्लोजिंगच्या दिवशी कापल्या जाणाऱ्या रकमेची तयारी ठेवा

राज्याला भीती असते की बाहेर गेलेला माणूस रिटर्न भरणारच नाही. म्हणून बरीच राज्यं विक्रीच्या वेळीच आगाऊ रक्कम घेतात. हा वेगळा कर नाही, हे समजून घ्या. पगारातून कापलेल्या करासारखीच ती रक्कम तुमच्या नावावर जमा असते आणि रिटर्न भरल्यावर जास्तीची परत मिळते.

न्यू जर्सीत याला लोक ‘एक्झिट टॅक्स’ म्हणतात आणि त्या नावाने उगाच धास्ती घेतात. प्रत्यक्षात अनिवासी विक्रेत्याने नफ्यावर १०.७५ टक्के किंवा विक्रीच्या किमतीच्या २ टक्के, यांतली मोठी रक्कम आगाऊ भरायची असते. आपल्या डॅलसच्या जोडप्यासाठी नफ्याचे १०.७५ टक्के म्हणजे २५,८०० डॉलर आणि किमतीचे २ टक्के म्हणजे १४,४००. भरायचे २५,८००. पण १०.७५ हा दर न्यू जर्सीत १० लाखांच्या वरच्या उत्पन्नासाठी आहे. मध्यम-उच्च उत्पन्नाच्या कुटुंबाचा खरा कर त्याहून बराच कमी निघतो. तो फरक मिळवायला पुढच्या वर्षी एनजे-१०४०एनआर हे अनिवासी रिटर्न भरावंच लागतं. ते न भरल्यामुळे स्वतःचे हजारो डॉलर सोडून देणारी माणसं आहेत.

तुम्ही अजून न्यू जर्सीचे रहिवासी असाल तर जीआयटी/आरईपी-३ हा फॉर्म भरून आगाऊ रकमेतून मोकळे होता येतं. बाहेर राहायला गेलात, पण विकलेलं घर कायद्याच्या व्याख्येनुसार तुमचं मुख्य राहतं घर ठरत असेल, तरी त्याच फॉर्मवर तसा रकाना आहे. हे फॉर्म नसतील तर काउंटी क्लार्क (स्थानिक नोंदणी अधिकारी) डीड, म्हणजे घराचं खरेदीखत, नोंदवूनच घेत नाही. तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की कोणता फॉर्म आणि कोणता रकाना. घर १० लाख डॉलरच्या वर विकलं जाणार असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. जुलै २०२५पासून महाग घरांच्या विक्रीवरचं जादा शुल्क न्यू जर्सीने खरेदीदाराऐवजी विक्रेत्यावर टाकलं आहे, आणि किंमत वाढेल तसं ते १ टक्क्यापासून ३.५ टक्क्यांपर्यंत चढत जातं. उत्पन्नकर शून्य असला तरी हे शुल्क लागतं.

कॅलिफोर्नियाची पद्धत वेगळी. तिथे १,००,००० डॉलरच्या वरच्या विक्रीत किमतीच्या ३ पूर्णांक एक तृतीयांश टक्के कापले जातात आणि विक्रेता राज्याचा रहिवासी असला तरी सुटत नाही. भाड्याने दिलेलं ९,००,००० डॉलरचं घर विकलं तर ३०,००० डॉलर एस्क्रोतच (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडेच) अडकले. राहतं घर असेल, किंवा विक्रीत तोटा झाला असेल, तर फॉर्म ५९३वर तसं लिहून देऊन ही कपात टाळता येते. नफा थोडा असेल तर किमतीऐवजी नफ्यावर हिशेब करायचा पर्यायही त्याच फॉर्ममध्ये आहे. नफ्याचा आकडा आधी काढून ठेवलेल्यालाच तो वापरता येतो, आणि मागच्या पायरीतला फोल्डर इथे कामाला येतो.

न्यू यॉर्कमध्ये अनिवासी विक्रेत्याला आयटी-२६६३ हा फॉर्म भरून अंदाजे कर द्यावा लागतो. जॉर्जियात ३ टक्के, कोलोरॅडोत साधारण २ टक्के कापतात. इतर राज्यांचं सविस्तर देत नाही. टायटल कंपनीला (मालकीची कागदपत्रं तपासून क्लोजिंग करणाऱ्या संस्थेला) एकच प्रश्न पुरतो: ‘आम्ही या राज्याचे रहिवासी नाही, तर क्लोजिंगला किती कापाल आणि कोणत्या फॉर्मवर?’ उत्तर लेखी घ्या.

पायरी ४: पुण्या-मुंबईचा फ्लॅट विकताना स्टेटला विसरू नका

आपल्या लोकांच्या दृष्टीने हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो. ‘तिथे टॅक्स भरला, इथे डबल टॅक्सेशनचा करार आहे, मग प्रश्न मिटला’ असं सगळे म्हणतात. भारत-अमेरिका करार फेडरल उत्पन्नकराला लागू आहे. राज्यांचे कर त्यात नाहीत.

आकड्यांत पाहू. २००५ साली ठाण्यात २५ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५मध्ये १ कोटी २५ लाखांना विकला. भारतात नफा १ कोटी, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १२.५ लाख रुपये, अधिभार आणि सेस वेगळा. परदेशस्थ विक्रेत्याला इंडेक्सेशनचा (महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरण्याचा) पर्याय जुलै २०२४पासून उरलेला नाही. अमेरिकेत हिशेब डॉलरमध्ये होतो. खरेदीची किंमत त्या दिवसाच्या दराने आणि विक्रीची किंमत विक्रीच्या दिवसाच्या दराने बदलून घ्यायची. ४४ रुपये आणि ८६ रुपये दर धरला तर खरेदी सुमारे ५६,८०० डॉलर, विक्री सुमारे १,४५,३०० आणि नफा साधारण ८८,५०० डॉलर. फेडरलचे १५ टक्के म्हणजे सुमारे १३,३०० डॉलर. भारतात भरलेले १२.५ लाख म्हणजे सुमारे १४,५००. फॉर्म १११६वर क्रेडिट घेतलं की हा फेडरल कर मिटला. जास्त उत्पन्न असणाऱ्यांना लागणारा ३.८ टक्क्यांचा गुंतवणूक कर या क्रेडिटने सहसा मिटत नाही, तोही ध्यानात घ्या.

आणि स्टेट? कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही. ९.३ टक्क्यांच्या गटातल्या कुटुंबाला याच नफ्यावर सुमारे ८,२०० डॉलर वेगळे भरावे लागतात. न्यू जर्सीही देत नाही, तिथे ६.३७ टक्क्यांच्या गटात सुमारे ५,६०० डॉलर. पेनसिल्व्हेनियाने परदेशी कराचं क्रेडिट २०१४पासून बंद केलं, तिथे ३.०७ टक्क्यांनी सुमारे २,७०० डॉलर. न्यू यॉर्क फक्त कॅनडाच्या प्रांतांपुरतं देतं. नॉर्थ कॅरोलायना देतं, त्यामुळे रॅली-कॅरीकडच्या लोकांनी ते मागायला विसरू नये. टेक्सासमध्ये प्रश्नच नाही.

आणखी एक गोष्ट. भारतात दुसरं घर घेऊन किंवा बाँड घेऊन कर वाचवलात, तर तो फक्त भारतातला कर वाचला. अमेरिका ती सवलत मानत नाही. उलट भारतात कर भरलाच नाही म्हणून फेडरलला दाखवायला क्रेडिटही उरत नाही. मग फेडरल पूर्ण आणि स्टेटही पूर्ण. भारतातल्या सीएचा आणि इथल्या सीपीएचा सल्ला वेगवेगळा घेतला की हे असं होतं. व्यवहाराआधी दोघांना एकाच फोनवर आणा.

आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या घराचा हिशेब वेगळा आणि बराच दिलासा देणारा आहे. अमेरिकेच्या नियमाने मूळ किंमत म्हणजे वडिलांनी १९८५मध्ये दिलेली किंमत नव्हे, तर त्यांच्या निधनाच्या दिवशीचा बाजारभाव. भारताच्या हिशेबात मात्र आधीच्या मालकाची किंमत धरली जाते. त्यामुळे भारतात मोठा नफा आणि अमेरिकेत जेमतेम नफा, असं चित्र अनेकदा दिसतं. पण त्या दिवसाचा बाजारभाव सिद्ध करायला नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. तो नंतर करून घेता येतो, पण जितक्या लवकर घ्याल तितका बरा. वर्षभरात परदेशी व्यक्तींकडून वारशाने किंवा भेट म्हणून १ लाख डॉलरपेक्षा जास्त आलं असेल तर फॉर्म ३५२० भरायचा असतो. त्यावर कर नाही, पण तो न भरल्याचा दंड भारी आहे.

कागदपत्रांत इंडेक्स टू, खरेदीखत, मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि टीडीएसचं प्रमाणपत्र यांच्या प्रती जवळ ठेवा. परदेशस्थ विक्रेत्याचा टीडीएस बहुतेक वेळा नफ्यावर नाही, तर पूर्ण किमतीवर कापला जातो. तो कमी करायचं प्रमाणपत्र भारताच्या आयकर खात्याकडून करार नोंदवण्याआधी मागा, त्याला वेळ लागतो. पैसे एनआरओ (परदेशस्थाच्या भारतातल्या) खात्यात आले की ते खातं एफबारमध्ये, म्हणजे परदेशी बँक खात्यांच्या वार्षिक अहवालात, दाखवायचं. वर्षात कधीही तुमच्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की ते बंधनकारक आहे.

तारीख तुमच्या हातात असेल तर विचार करा. कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला जायचं नक्की असेल, तर भारतातली विक्री खरोखर स्थलांतर झाल्यानंतर केल्यास कॅलिफोर्नियाचा कर लागत नाही. आणि एच-१बीवरचं कुटुंब कायमचं परत जाणार असेल, तर अमेरिकेचं करनिवासी असणं संपल्यानंतर विकलेल्या भारतातल्या घराशी अमेरिकेचा संबंध उरत नाही. ग्रीनकार्डधारक आणि नागरिकांना ही वाट नाही.

पायरी ५: ५२९ उघडताना आधी आपल्या राज्याची सवलत पाहा

५२९ खात्यात घातलेल्या रकमेवर फेडरल वजावट मिळत नाही. मिळते ती राज्याकडून, आणि तिथे राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलायना काहीच देत नाहीत. अशा राज्यांत, आणि टेक्सास-फ्लोरिडातही, स्वतःच्या राज्याच्या योजनेला चिकटून राहायचं कारण नाही. कोणत्याही राज्याची कमी खर्चाची योजना घ्या. एजंटकडून विकल्या जाणाऱ्या योजनांचा वार्षिक खर्च जास्त असतो, तेव्हा थेट उघडता येणारी योजनाच निवडा. न्यू यॉर्क आपल्याच योजनेत घातलेल्या रकमेवर जोडप्याला वर्षाला १०,००० डॉलरची वजावट देतं, तीही खातेदारालाच. आजोबांनी नातवाच्या खात्यात पैसे घातले तर आजोबांना काही मिळत नाही. इलिनॉयमध्ये जोडप्याला २०,०००. मिशिगनमध्ये १०,०००. इंडियाना वजावटीऐवजी २० टक्के क्रेडिट देतं, कमाल १,५०० डॉलर, आणि ही मला सर्वांत उदार सवलतींपैकी एक वाटते. पेनसिल्व्हेनिया कोणत्याही राज्याच्या योजनेला वजावट देतं, २०२५साठी प्रत्येक मुलामागे १९,००० डॉलरपर्यंत.

न्यू जर्सीत २०२२पासून एनजेबेस्ट या राज्याच्या ५२९ योजनेत वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजावट आहे, पण फक्त २ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना. दोघंही आयटीत असलेलं जोडपं सहसा त्याच्या वर जातं. मग त्यांनी योजना निवडताना फक्त खर्च आणि गुंतवणुकीचे पर्याय पाहावेत. ७५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला नवं खातं उघडल्यावर ७५० डॉलरपर्यंत राज्य स्वतःची भर घालतं. नुकत्याच आलेल्या, एकाच पगारावर चालणाऱ्या कुटुंबाने ती जरूर मागावी.

घर किंवा फ्लॅट विकून हातात मोठी रक्कम आली असेल, तर ती एकदम भरायची की वर्षावर्षाला, हाही स्टेटचाच प्रश्न आहे. फेडरल नियमाने ५ वर्षांची करमुक्त भेटीची मर्यादा एकत्र वापरून एका मुलासाठी एका पालकाला ९५,००० डॉलर एकदम घालता येतात. पण न्यू यॉर्कसारख्या राज्यात वजावट त्या वर्षाच्या मर्यादेपुरतीच मिळते, उरलेली वाया जाते. तिथे थोडी रक्कम डिसेंबरात, थोडी जानेवारीत, असं पसरून घालणं बरं. व्हर्जिनियात एका खात्यामागे वर्षाला ४,००० डॉलरची मर्यादा आहे, मात्र जास्तीची रक्कम पुढच्या वर्षांत वजा करता येते. तेव्हा तिथे घाई केली तरी नुकसान नाही. बहुतेक राज्यांत मुदत ३१ डिसेंबरची असते. जॉर्जिया, विस्कॉन्सिनसारखी काही राज्यं एप्रिलपर्यंत थांबतात.

पैसे काढताना दोन ठिकाणी चूक होते. पहिली, खर्च आणि पैसे काढणं एकाच कॅलेंडर वर्षात हवं. जानेवारीच्या सेमिस्टरची फी डिसेंबरात भरली असेल तर पैसेही डिसेंबरातच काढा. दुसरी, शाळेची फी. २०१८पासून बारावीपर्यंतच्या खासगी शाळेच्या फीसाठी वर्षाला १०,००० डॉलर काढता येत होते, २०२६पासून ही फेडरल मर्यादा २०,००० आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि इलिनॉय ही फी पात्र मानत नाहीत. तिथे त्यासाठी पैसे काढले की आधी घेतलेली स्टेटची वजावट परत करावी लागते किंवा वाढीवर स्टेटचा कर बसतो, आणि कॅलिफोर्निया वर २.५ टक्के दंडही लावतं. अपात्र खर्चासाठी काढलेल्या रकमेतल्या वाढीवर फेडरलचा १० टक्के जादा कर वेगळा.

राज्य बदलल्यावर जुनं ५२९ घाईने नव्या राज्याच्या योजनेत हलवू नका. न्यू यॉर्क आणि इलिनॉय असं हलवणं म्हणजे पैसे काढणं समजतात आणि जुनी वजावट परत मागतात. जुनं खातं तसंच राहू द्या, नव्या राज्यात सवलत असेल तर दुसरं उघडा. एका मुलाची दोन खाती असायला कसलीही आडकाठी नाही.

परत जाणाऱ्यांसाठी

मूल पुण्यात शिकणार असेल तर ५२९ची करमुक्ती गृहीत धरू नका. पात्र संस्था म्हणजे अमेरिकेच्या फेडरल विद्यार्थी मदतीच्या यादीतल्या संस्था. ब्रिटन, कॅनडातल्या बऱ्याच विद्यापीठांची नावं तिथे आहेत. भारतातलं कॉलेज त्या यादीत दिसल्याशिवाय पैसे काढू नका. भारताचा आयकर कायदाही ५२९ला करमुक्त मानत नाही. परतल्यावर सुरुवातीचा सवलतीचा काळ संपला की त्या खात्यातली वाढ भारतात करपात्र होऊ शकते आणि खातं रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागतं. खातं १५ वर्षं जुनं असेल तर मुलाच्या नावच्या रॉथ आयआरएत (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात) आयुष्यभरात ३५,००० डॉलरपर्यंत हलवता येतात. त्यासाठी मुलाची अमेरिकेत करपात्र कमाई असावी लागते.

अमेरिकेतलं घर भाड्याने ठेवून परत गेलात आणि नंतर तिकडून विकलंत, तर परदेशी विक्रेता म्हणून किमतीच्या १५ टक्के फेडरल कपात होते. खरेदीदार स्वतः राहणार असेल आणि किंमत ३ लाखांच्या आत असेल तर ती माफ, १० लाखांपर्यंत असेल तर १० टक्के. स्टेटची कपात त्याच्या वर. सहा-सात लाखांच्या घरावर लाखभर डॉलर रिटर्न भरेपर्यंत अडकून राहू शकतात. कपात कमी करून घ्यायचा अर्ज आयआरएसकडे (फेडरल करखात्याकडे) क्लोजिंगच्या दिवसापर्यंत पोचायला हवा, आणि त्यासाठी आयटीआयएन किंवा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एच-४वरच्या जोडीदाराचा आयटीआयएन सलग ३ वर्षं रिटर्नवर वापरला नाही तर बाद होतो. निघण्याआधी तो चालू आहे ना ते पाहा, आणि अमेरिकेतलं बँक खातं रिफंड येईपर्यंत बंद करू नका.